आत्याची शिकवणी

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिला सगळे आत्याच म्हणत. तिची भाची शाळेत होती तेव्हा दुपारी घराची किल्ली मागायला यायची आणि दारातूनच "आत्या" अशी लांबलचक हाक मारायची. ती हाक आधी भांडी घासणाऱ्या बायकांनी उचलली, मग आचाऱ्यांनी, आणि पुढे पुढे डॉक्टरसुद्धा तिला आत्या म्हणू लागले. मी त्याच तळमजल्यावर, शेजारच्या चादरींच्या खोलीत कामाला होते. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक लहान खिडकी होती. तिच्यातून चहाचा कप इकडे यायचा आणि धुतलेली फडकी तिकडे जायची. मला ती चादरवाली म्हणायची.

आत्याचं काम ट्रे लावायचं. कुठल्या पेशंटला मिठाशिवाय, कुणाला पातळ, कुणाला साखर बंद, हे चिठ्ठीवर बघायचं, ट्रे भरायचे, ते उंच ट्रॉलीत सरकवायचे आणि ट्रॉली ढकलत वॉर्डावॉर्डात फिरायचं. अंगानं बारीक होती, पण ट्रॉली अशी हाकायची की समोरून येणारा शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटून उभा राहायचा. नाकावर माशी बसू द्यायची नाही. कुणी ट्रेवर सूप सांडलं की आधी ट्रे पुसायची आणि मग त्या माणसाला धारेवर धरायची. पण पेशंटच्या खाटेजवळ गेली की आवाज खाली. "खाल्लं नाहीत? काय झालं? दात दुखतोय का?" असं विचारून, ताटातलं काय मागे येतंय ते ती स्वतः बघायची. ताट न खाता परत आलेलं तिला आपल्याच अंगावर आल्यासारखं वाटायचं.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा आजारपणात गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, आणि त्याची बायको लेक अगदी तान्ही असताना वारली. भावानं लेक आणून आत्याच्या मांडीवर ठेवली, ती तिथंच वाढली. तिचं घरातलं नाव मुंगी. साखरेचा डबा कुठंही लपवा, मुंगीला सापडायचाच, म्हणून ते नाव पडलं. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत मुंगीचं टेबल, पुस्तकं, आरसा. आणि आत्याची वळकटी बाहेरच्या खोलीत, गॅसच्या ओट्याला लागून. मुंगी कॉलेजात गेली तेव्हा आत्यानं स्वयंपाकघरात सगळ्यांना पेढे वाटावेत तसे बिस्किटांचे पुडे वाटले होते.

मग हॉस्पिटलची नवी इमारत झाली. तिच्यात परदेशातून उपचारांसाठी येणारे पेशंट राहू लागले, आणि आत्याची ट्रॉली तिथंही जाऊ लागली. तिथल्या एका खाटेवर एक म्हातारी बाई होती. तिचं ताट सकाळी तसंच परत आलं, दुपारीही तसंच. आत्या विचारायला गेली. बाई इंग्रजीत बरंच काही बोलली, हातांनी काहीतरी दाखवलं. आत्यानं दूध नेलं, बाईनं मान हलवली. केळं नेलं, अंडं नेलं. बाईनं दर वेळी मान हलवली आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाळी बदलल्यावर आलेल्या नर्सनं तिला विचारलं तेव्हा कळलं, तिला नुसता भाजलेला ब्रेड हवा होता, लोणी न लावलेला.

"ब्रेड माझ्या हाताखाली होता गं," आत्या मला खिडकीतून म्हणाली. "ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात. आणि ती बाई उपाशी."

त्यानंतर काही दिवसांनी आहार विभागाच्या मॅडमनी सांगितलं की नव्या इमारतीसाठी एक माणूस हवा आहे. ट्रॉली ढकलायची नाही. पेशंटपाशी बसायचं, काय हवं काय नको ते इंग्रजीत विचारायचं आणि स्वयंपाकघरात कळवायचं. फार इंग्रजी नको, खाण्यापुरतं हवं. आतल्या माणसाला आधी संधी देऊ, पण तोंडी परीक्षा घेऊ. आत्याचे गुडघे तेव्हा बोलायला लागले होते, पण नुसते गुडघे नव्हते. ती म्हातारी तिच्या डोक्यातून जात नव्हती. तिनं घरी जाऊन मुंगीला सांगितलं, आणि मुंगी टुणकन उठून म्हणाली की हात्तिच्या, मी शिकवते ना.

शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी भांडी आवरली की टेबल बाहेरच्या खोलीत यायचं. मुंगी त्यावर खरंखुरं सामान मांडायची: दोन केळी, एक सफरचंद, वाटीत साखर, वाटीत तांदूळ, पावाचा पुडा, दुधाचं भांडं. मोजता येणाऱ्या वस्तू एकीकडे, न मोजता येणाऱ्या दुसरीकडे. केळी, अंडी, बिस्किटं यांना आकडा लावायचा. दूध, पाणी, लोणी, साखर यांना नाही लावायचा. त्यांच्या आधी थोडंसं म्हणून 'सम' म्हणायचं, नाहीतर पेला, वाटी, तुकडा असं काहीतरी घालायचं.

आत्या दूधपाण्यावर लगेच कबूल झाली. तांदळावर मात्र अडली. इंग्रजीत राइस मोजता येत नाही हे तिला पटेना.

"मोजता येत नाही कसं?" ती म्हणाली. "आपण म्हणतो तांदूळ निवडले, तांदूळ संपले. एक असता तर संपला म्हटलं असतं. मी जन्मभर एकेक दाणा निवडत आले, आणि तुझा इंग्रज म्हणतो मोजता येत नाही. त्याला निवडायला बसवा."

मुंगी हसून हसून टेबलावर पडली. आत्याही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं तो किस्सा मला सांगितला आणि आम्ही दोघी हसलो. ब्रेडवरही तिचं असंच भांडण झालं. पाव एक, पाव दोन, हे लहान पोरालाही कळतं. मग ब्रेड न मोजता येणाऱ्यांत कसा? पण मुंगीनं समजावलं की तिथं ब्रेड नाही, ब्रेडचे तुकडे मोजतात, टू स्लाइसेस ऑफ ब्रेड असं म्हणायचं. हळूहळू तिच्या डोक्यात बसलं. ट्रे लावताना ती पुटपुटायची, अ ग्लास ऑफ मिल्क, टू एग्ज, सम राइस. आचारी चिडवायचे, पण तिला पर्वा नव्हती.

मुंगीचा फोन शिकवणीच्या वेळी बरणीला टेकवून उभा असायचा. तुझे उच्चार मला नंतर नीट ऐकता येतात, म्हणून रेकॉर्ड करते, असं तिनं सांगितलं होतं. आत्याला त्याचं कौतुकच वाटलं. मुंगी किती मन लावून शिकवते, ती मला म्हणाली, मी झोपल्यावरसुद्धा माझाच अभ्यास करत बसते.

काही आठवड्यांनी शिकवणीत थोडा बदल झाला. तो तेव्हा आत्याला कळला नाही. नंतर आठवून आठवून तिनं मला सांगितला. मुंगी आता चुका दाखवेनाशी झाली. आत्या गडबडीत टू मिल्क्स म्हणाली तर मुंगी पुढं जायची. मेनी बटर म्हणाली तर म्हणायची, छान. एकदा तर आत्या बरोबर बोलली, टू स्लाइसेस ऑफ ब्रेड, आणि मुंगीनं तिला थांबवलं. म्हणाली, आत्या, तू पहिल्यांदा म्हणायचीस तसंच म्हण, टू ब्रेड्स. आत्या म्हणाली, अगं पण तूच सांगितलं होतंस की ब्रेड मोजायचा नसतो. त्यावर मुंगी म्हणाली की ते पुस्तकातलं झालं. आता लोक असंच बोलतात, तुझं आधीचंच बरोबर होतं. आणि राइसचं? तेही तुझंच बरोबर, राइसेस म्हण.

आत्याला आतून केवढा आनंद झाला असेल. तांदळाच्या बाबतीत आपलंच खरं निघालं, ते तिनं अख्ख्या स्वयंपाकघराला सांगितलं. ज्यांना कळत होतं ते हसले. आत्याला वाटलं, कौतुकानं हसतायत.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडू लागली होती. बसथांब्यावर, दुकानात, अनोळखी पोरी तिच्याकडे बघून हसायच्या. एकीनं तर जवळ येऊन तिच्याबरोबर फोटो काढला. आत्यानं विचारलं का गं, तर म्हणाली, तुम्ही खूप गोड आहात. आत्या मला म्हणाली, आजकालच्या पोरांना लोक उगाच नावं ठेवतात बघ, किती हसतमुख असतात. तीही उलट हसायची, विचारपूस करायची.

परीक्षेच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली. केस चापूनचोपून बसवले होते. खिडकीतून माझ्याकडून एक स्वच्छ रुमाल मागून घेतला आणि वर गेली.

वर मॅडम होत्या, नव्या इमारतीच्या मोठ्या सिस्टर होत्या, आणि ऑफिसातला एक तरुण क्लार्क होता. मॅडमनी सांगितलं, मी पेशंट आहे असं समजा आणि मला जेवणाचं विचारा. आत्या खुर्चीत ताठ बसली. गुड मॉर्निंग मॅडम म्हणाली. मग तिनं पाठ केलेलं सगळं न अडखळता म्हटलं. हाऊ मेनी राइसेस यू वाँट? टू मिल्क्स ऑर वन मिल्क? आय गिव्ह यू थ्री ब्रेड्स अँड मेनी बटर.

क्लार्कनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

"आत्या, व्हिडिओत हे ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "इथं नीट बोला. आम्ही गंमत करायला बसलेलो नाही."

"मी नीटच बोलतेय," आत्या म्हणाली.

मॅडमना ते उद्धटपणाचं वाटलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला नोकरी हवी असेल तर नाटक बंद करा. आत्याला नाटक कसलं ते कळेना. तिनं पुन्हा तेच म्हटलं, आणखी सावकाश, आणखी स्पष्ट. राइसेस. मिल्क्स. मग खोलीत कुणीच हसेना. सिस्टरच्या लक्षात आधी आलं असावं, कारण त्यांनी क्लार्ककडे पाहिलं आणि हलकेच म्हणाल्या, हिला माहीत नाहीये.

"कुठला व्हिडिओ?" आत्यानं विचारलं.

क्लार्कनं फोन तिच्यासमोर धरला.

तिचंच घर होतं. तिचाच ओटा, तिचीच बरणी, भिंतीवरचा तेलकट डाग. आणि टेबलापाशी ती स्वतः, घरातल्या विटक्या गाऊनमध्ये, केस सुटलेले, हातात तांदळाची वाटी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, माझी येडी आत्या इंग्लिश शिकते. ती राइसेस म्हणाली की बदकाचा आवाज यायचा. ब्रेड्स म्हणाली की तिचं डोकं फुग्यासारखं मोठं व्हायचं. खाली असे कितीतरी व्हिडिओ ओळीनं होते, आणि प्रत्येकात ती. क्लार्क घाबरून म्हणाला की सगळ्यांना तुम्ही खूप आवडता, माझ्या आईला पण. आत्यानं फोन त्याला परत दिला, खुर्ची नीट जागेवर सरकवली आणि खाली आली.

माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर ती कधी बसायची नाही, मला बसू द्यायची नाही, पण त्या दिवशी बसली. काय झालं ते तुटक तुटक सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. माझा फोन बटणांचा, जुना. त्यावर बोलण्यापलीकडे काही होत नाही. मी तसं सांगितलं. तरीही ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, खरं बोलतेय का ते ताडत. इतक्या वर्षांत असं तिनं कधी केलं नव्हतं. मला राग आला नाही. पण तिला किती लागलंय ते मला तेव्हा समजलं.

स्वयंपाकघरात निम्म्याहून जास्त लोकांनी ते पाहिलेलं निघालं. मुख्य आचारी खजील होऊन म्हणाला, आत्या, आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम करता, तुमची ॲक्टिंग भारी आहे. आत्या ट्रॉलीकडे वळली. त्या दुपारचे ट्रे लावले, ट्रॉली फिरवून आणली, आणि वेळेवर घरी गेली.

मुंगी घरीच होती. टेबल बाहेर काढून तिनं सामान मांडायला घेतलं होतं. परीक्षा कशी झाली, तिनं विचारलं. आत्या चपला काढून समोर बसली.

"मला एक सांग," ती म्हणाली. "ब्रेड मोजतात की नाही?"

मुंगीचा हात पावाच्या पुड्यावरच थांबला. तिला कळलं. पुडा खाली ठेवून ती म्हणाली, नाही मोजत.

मग ती भराभर बोलायला लागली. पहिला व्हिडिओ फक्त मैत्रिणींना पाठवला होता, तो तांदूळ निवडण्याचा. मुद्दाम काही केलं नव्हतं. एकीनं तो पुढं पाठवला, मग कुणी कुणी मागायला लागले, आत्याचा पुढचा कधी. लोक तुझ्यावर प्रेम करतात, आत्या, वाईट कुणी काही लिहीत नाही. तिनं फोन पुढं केला, बघ, लोक काय काय लिहितात. आत्यानं फोनला हात लावला नाही.

"लोक हसले, हसू देत," ती म्हणाली. "मीही हसले असते. तू आधी दाखवलं असतंस तर तो बदकाचा आवाजसुद्धा चालला असता. पण मी बरोबर बोलत होते, मुंगे. तू मला चुकीचं शिकवलंस."

"बरोबर बोललेलं कुणी बघत नव्हतं," मुंगी म्हणाली.

हे वाक्य आत्यानं मला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. मुंगी रडायला लागली होती. म्हणाली, मला वाटलं परीक्षेच्या आधी आठवडाभर सगळं नीट करून घेऊ, मग राहूनच गेलं. आत्यानं विचारलं, आणि मधाचं?

एका संध्याकाळी मध हा शब्द आला होता. हनी. तो मोजत नाहीत. तेव्हा आत्या बोलता बोलता नवऱ्याबद्दल बोलून गेली होती. शेवटी शेवटी त्याच्या गळ्याखाली काही उतरत नसे, तेव्हा ती बोटाला मध लावून त्याच्या जिभेला लावायची, आणि तो लहान मुलासारखा बोट सोडायचाच नाही. हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं. क्लार्कच्या फोनवर तिला त्या व्हिडिओचं चित्र दिसलं होतं. मधाची बाटली आणि तिचा डोळे पुसणारा चेहरा. मुंगी मान खाली घालून म्हणाली की तो सगळ्यात जास्त लोकांनी पाहिला, लोक रडले. त्यामागं तिनं बासरी लावली होती.

आत्या उठली आणि टेबलावरचं सामान उचलून जागच्या जागी ठेवायला लागली. केळी टोपलीत, साखर डब्यात. तांदूळ पुन्हा पिंपात ओतले. त्यानंतर तिनं भात लावला, दोघींसाठी. घरातून निघ असं म्हटलं नाही. पण टेबल परत बाहेरच्या खोलीत आलं नाही.

भावाला तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. तो कुठल्याशा ढाब्यावर होता, मागं ट्रकचे आवाज. तिनं सगळं सांगितलं आणि वाट बघितली. भाऊ हसला. म्हणाला, अगं आक्का, मला माहीत आहे, आमचे सगळे ड्रायव्हर बघतात, मी अभिमानानं सांगतो ही माझी बहीण. पोरगी नाव काढतेय, तू मनाला लावून घेऊ नकोस. आत्यानं फोन ठेवला. तान्ही असल्यापासून जिला वाढवलं तिनं असं करावं आणि ज्याची लेक वाढवली त्यानं ते मजेत बघत राहावं, हे तिला दुहेरी बसलं. केसानं गळा कापला असं लोक म्हणतात ना, ती मला म्हणाली, तर मला ते आता कळलं. कापताना दुखत नाही गं, मी तर हसत होते.

मुंगीनं व्हिडिओ काढून टाकले. काही तिच्या हातातच नव्हते, लोकांनी आपापल्या फोनवर उतरवून घेतले होते, ते फिरतच राहिले. मुंगीनं माफी मागितली, पुन्हा मागितली. म्हणाली, मी तुला आता खरं शिकवते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. आत्या म्हणाली, नको. नव्या इमारतीतली जागा बिलांच्या खिडकीवरच्या एका पोरीला मिळाली. मॅडमनी नंतर आत्याला बोलावून घेतलं, मला कल्पना नव्हती म्हणाल्या, चहा पाजला. पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाल्या. आत्यानं होला हो केलं.

मला वाटलं आता ती इंग्रजीचं नाव काढणार नाही. पण काही महिन्यांनी कळलं, ती आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयात जाते. तिथं मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवणारे एक निवृत्त मास्तर, जाड चष्म्याचे आणि अतिशय खडूस. वर्गात एक शिंपी, दोन ड्रायव्हर, एक पाळणाघर चालवणारी बाई आणि आत्या. पहिल्याच दिवशी मास्तरांनी आत्याला प्रत्येक वाक्याला अडवलं. तिनं तोंड उघडलं की चूक. चष्मा वर करून म्हणायचे, पुन्हा. बाकीचे कंटाळायचे. आत्या मात्र तिथून खूश होऊन यायची.

"मेला एक शब्द सरळ जाऊ देत नाही," ती मला सांगायची. "काल स्पूनला अडवलं, आज शुगरला. बरं वाटतं."

एकदा शेजारच्या ड्रायव्हरनं आपला फोन बाकावर उभा ठेवला, नुसता घड्याळ बघायला. आत्या बोलता बोलता थांबली. मास्तर पुन्हा पुन्हा म्हणाले तरी ती बोलेना. शेवटी त्या माणसानं फोन पिशवीत टाकला, तेव्हा तिनं वाक्य पुरं केलं. दुकानात कुणी हसून बघितलं की आता ती पुढची गल्ली धरते. कुणी खरोखरच चांगुलपणानं हसत असेल तर त्याचंही हसू वाया जातं, याला ती काय करणार.

नव्या इमारतीत ती अजूनही ट्रॉली घेऊन जाते. पेशंटला विचारते, सूप की फळ, साखर हवी की नको. वाक्यं लहान असतात, थोडी मोठ्यानं असतात, पण चूक नसते. मॅडमनी पुढच्या वर्षी जागेचं पुन्हा विचारलं तेव्हा तिनं नाही म्हटलं. मी कारण विचारलं. म्हणाली, त्या खोलीत त्या खुर्चीवर मला पुन्हा बसायचं नाही. गुडघे दुखतात ते दुखू देत.

मुंगीला शिक्षण संपताच दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाहिरातींचे व्हिडिओ करायचं काम. आत्यावरच्या व्हिडिओंमुळेच ती तिथं ओळखली गेली होती, हे दोघींनाही माहीत होतं. जायच्या दिवशी आत्यानं तिला डबा करून दिला, बॅगेची चेन अडकत होती ती तेल लावून नीट केली. दारात मुंगी थांबली. अजून रागावली आहेस का, तिनं विचारलं.

"राग नाही," आत्या म्हणाली. "पण तू छान म्हणालीस ना, की मला ते खरं वाटत नाही. कशालाच. काल तू भाजी छान झाली म्हणालीस, तर तू उठून गेल्यावर मी पुन्हा चाखून बघितली."

 मुंगी वाकून पाया पडली आणि जिना उतरून गेली. हे मी ऐकलं, कारण मी बॅग धरायला गेले होते.

त्यानंतर ती सुट्टीत एकदा आली. तेव्हा मीही आत्याकडे होते. मुंगीनं कुणाला हात लावू न देता एकटीनं स्वयंपाक केला, भाज्यांचं सूप आणि भात. तिकडे एकटी राहून शिकले म्हणाली. तिनं आम्हा दोघींना वाढलं आणि आत्यासमोर उभी राहिली, पदार्थ कसा झालाय ते विचारायला. तिचा फोन कुठंही दिसत नव्हता.

आत्यानं एक चमचा घेतला, सावकाश गिळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "आणि गाजर कच्चं राहिलंय."

मुंगी मान हलवून आत गेली आणि मिठाचा डबा घेऊन आली. तिनं जरा जास्तच घातलं. आम्ही तिघींनी ते तसंच खाल्लं, मधे मधे पाणी पीत.